गांवाची पायरी

मराठी भाषेंत पायरी हा शब्द मोठा विलक्षण आहे. जिन्याची किंवा घाटाची पायरी हा झाला त्याचा साधा व्यवहारांतला अर्थ. परंतु ‘पायरी ओळखून वागावें’, ‘पायरी सोडून बोलूं नये’, ‘शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये’ असें जेव्हां लोक म्हणतात, तेव्हां दगडाच्या पायरीहून निराळी अशी एक पायरी त्यांच्या मनांत असते. कोणीं कोठवर यावें आणि कोणीं कोठें थांबावें, याची ती खूण असते. गांवांतील सार्वजनिक जागा कशा असाव्यात व त्या बांधतांना कोणाकोणाचा विचार व्हावा, हा प्रश्न हातीं घेतला म्हणजे या दोन्ही पायऱ्या एकदमच डोळ्यांपुढें ठेवाव्या लागतात. जुन्या खेड्याच्या रचनेंत त्या एकाच जागीं बसविलेल्या आढळतात. आजच्या खेड्यांत त्यांपैकीं एक पुष्कळशी झिजली आहे. दुसरी मात्र तशीच आहे, किंबहुना नव्या सिमेंटाच्या इमारतींबरोबर ती अधिक उंच होत चालली आहे.

जुन्या खेड्याच्या सार्वजनिक जागा मोजक्याच. देऊळ, देवळापुढचा पार, चावडी, पाणवठा, जत्रेचें पटांगण आणि शिवेकडे स्मशान. या सर्व जागा गांवाच्या म्हणविल्या जात; परंतु गांव या शब्दांत कोण येतें, याचें उत्तर प्रत्येक जागा आपल्यापरीनें देत असे. पार घ्या. वडाच्या किंवा पिंपळाच्या बुंध्याभोंवतीं दगडांचा चौथरा बांधून त्यांत माती भरली कीं पार झाला. त्याची उंची बहुधा मांडीपासून कमरेपर्यंत. तरण्याताठ्या माणसास हातावर जोर देऊन वर बसतां येतें. म्हाताऱ्यास कोणीं तरी हात द्यावा लागतो. पांगळा खालीं मुळाशीं बसतो. स्त्रियांना तर वटसावित्रीचा दिवस सोडला तर पारावर बसण्याचा प्रसंगच येत नसे. गांवच्या साऱ्या खबरा, पिकांचे भाव, सोयरिकीच्या गोष्टी आणि भांडणांचे निवाडे त्या पारावर होत, आणि अर्धें गांव त्या ठिकाणीं कधींच बसलेलें नसे.

चावडीची गोष्ट याहून बोलकी आहे. पाटील आणि कुळकर्णी यांची बैठक आंत; बलुतेदार आपापल्या मानाप्रमाणें ओटीवर; आणि गांवचा महार पायरीखालीं काठी टेकून उभा. आतां गंमत अशी, कीं शिवेचा तंटा उत्पन्न झाला म्हणजे याच महाराची साक्ष प्रमाण मानीत. कोणता बांध कोणाचा, कोणता दगड मूळ शिवेचा व कोणता मागाहून सरकविलेला, हें त्याच्याइतकें कोणासही ठाऊक नसे, आणि शीव चालून दाखविण्याचें काम त्याचेंच असे. गांवाची हद्द ज्यानें सांगावयाची, त्याला गांवाच्या बैठकींत जागा नव्हती. इतकी उघड विसंगति पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या डोळ्यांत खुपली नाहीं याचें एक कारण असें, कीं ती दगडांत बांधलेली होती. बोललेल्या नियमाविषयीं माणूस विचारूं शकतो. ओट्याच्या उंचीविषयीं सहसा कोणी विचारीत नाहीं.

ही पायरी मोडण्याचा जो इतिहास महाराष्ट्रांत घडला, तो आजच्या प्रश्नाला फार उपयोगी आहे, म्हणून तो जरा सावकाश पाहणें इष्ट ठरेल. जोतीराव फुले यांनीं १८६८ सालीं पुण्यांतील आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. तो एका गृहस्थाचा स्वतःचा हौद होता. तेथें सरकारच्या हुकुमाची गरज नव्हती. पुढें ४ ऑगस्ट १९२३ रोजीं रावबहादूर सीताराम केशव बोले यांनीं मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेकौन्सिलांत संमत झाला. सार्वजनिक पैशानें बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेंच शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्य वर्गांस वापरूं द्यावेत असा त्याचा आशय. त्याला अनुसरून महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें खुलें केल्याचा ठराव केला. कागदोपत्रीं काम पुरें झालें. परंतु पुढें तीन वर्षें त्या तळ्यावर कोणी अस्पृश्य पाणी भरावयास गेला नाहीं, कारण जाण्याची सोयच नव्हती. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारों अनुयायांसह त्या तळ्याच्या पायऱ्या उतरले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर मारहाण झाली, तळें ‘शुद्ध’ करण्याचा विधि झाला, दावा लागला, आणि मुंबईच्या हायकोर्टाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. ओंजळभर पाण्याचा हक्क शाबीत होण्यास दहा वर्षें!

पंढरपूरची कथाही तशीच. विठ्ठलाच्या महाद्वाराच्या पहिल्या पायरीस नामदेवाची पायरी म्हणतात, आणि तिच्या समोरच, देवळाबाहेर, चोखामेळ्याची समाधि आहे. ज्या संतांचे अभंग देवळांत गायिले जात, त्यांच्या जातीच्या लोकांस ती पायरी ओलांडतां येत नव्हती. साने गुरुजींनीं १९४७ च्या मे महिन्यांत प्राणांतिक उपोषण आरंभिलें, आणि दहाव्या दिवशीं देऊळ सर्वांस खुलें करण्याचें ठरलें. घटना २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आली. तिच्या पंधराव्या अनुच्छेदांत विहिरी, तळीं, स्नानाचे घाट, रस्ते आणि लोकांनीं जमण्याच्या सार्वजनिक जागा यांच्या बाबतींत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून कोणासही मज्जाव होऊं नये असें स्पष्ट सांगितलें आहे, आणि सतराव्या अनुच्छेदानें अस्पृश्यताच नष्ट केली आहे. एवढें होऊनही १९७० नंतरच्या दशकांत बाबा आढाव यांना ‘एक गांव, एक पाणवठा’ ही मोहीम घेऊन खेडोपाडीं हिंडावें लागलें. हुकूम निघाला, ठराव झाला, पाटी लागली, एवढ्यानें जागा खुली होत नाहीं. तेथें प्रत्यक्ष पाऊल पडावें लागतें, आणि तें पाऊल पडण्याच्या आड काय येतें हें जागेवर जाऊन पाहावें लागतें.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर पायऱ्यांच्या विहिरींचीही एक हकीकत सांगण्याजोगी आहे. साताऱ्याजवळच्या लिंब गांवची बारा मोटांची विहीर पाहावयास आज लांबून लोक येतात, आणि तें काम आहेही तसेंच देखणें. अशा बारवा महाराष्ट्रांत जागोजाग आहेत. परंतु त्यांच्या पायऱ्या उतरून पाणी आणणें हें काम धडधाकट माणसाचें. गरोदर स्त्रीला, आंधळ्याला, गुडघे धरलेल्या म्हातारीला ती विहीर असून नसल्यासारखीच. शिवाय पायऱ्यांवरून लोक पाण्यांत उतरत, त्यामुळें नारूचा रोग फैलावे. नारूचा जंतु रोग्याच्या पायांतून पाण्यांत जाई आणि तें पाणी पिणाऱ्याच्या पोटांत शिरे. या रोगाच्या निर्मूलनाचा कार्यक्रम देशांत १९८३-८४ च्या सुमारास सुरू झाला, शेवटचा रोगी १९९६ सालीं आढळला, आणि २००० सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारत नारूमुक्त झाल्याचें प्रमाणपत्र दिलें. पायऱ्यांच्या विहिरी सुधारणें व हातपंप बसविणें हा त्या कामाचा मोठा भाग होता. ज्या हातपंपानें देशभर नांव मिळविलें, त्या ‘इंडिया मार्क दोन’ पंपाची मूळ कल्पना जालना आणि सोलापूर येथें तयार झालेल्या पंपांवरून घेतलेली आहे, हें मराठी माणसास अभिमानानें सांगतां येईल. पायऱ्या गेल्या, पाणी जमिनीच्या पातळीवर आलें, आणि एकाच फटक्यांत रोग हटला, ओझें कमी झालें आणि पाणी दुर्बळांच्याही आवांक्यांत आलें.

पण हातपंपाभोंवतीं गांवानें काय केलें तें पाहावें. चिखल होऊं नये म्हणून ओटा बांधला, तो चांगला हातभर उंच. त्यावर सिमेंट घोटून गुळगुळीत केलें. सांडपाण्याला वाट ठेवली नाहीं. वर्षभरांत त्यावर शेवाळ धरलें. आतां डोकीवर हंडा व कडेवर मूल घेतलेली बाई त्या ओट्यावरून कशी उतरते, हें पंप बसविणाऱ्या कारागिरानें एकदा उभें राहून पाहिलें असतें, तर ओट्याची एक बाजू उतरती केली असती, वरचा पृष्ठभाग खरखरीत ठेवला असता, आणि कमरेच्या उंचीवर हंडा टेकण्यापुरता एक कट्टा जवळच बांधला असता. तमिळ मुलखांत वाटेवर ‘सुमैतांगी’ नांवाचे दगडी कट्टे जुन्या काळापासून आढळतात. ओझेकऱ्यानें दुसऱ्याची मदत न घेतां डोईवरचा भार उतरून ठेवावा व पुन्हा उचलावा एवढाच त्यांचा उपयोग. ज्यानें तो पहिला कट्टा बांधला, त्यानें केव्हां तरी स्वतः ओझें वाहिलें असलें पाहिजे.

आतां दुसऱ्या पायरीकडे वळूं या. २०११ सालच्या खानेसुमारीप्रमाणें भारतांत २ कोटि ६८ लक्ष लोक कोणत्या ना कोणत्या अपंगत्वाचे होते, आणि त्यांपैकीं १ कोटि ८६ लक्ष खेड्यांत राहत होते. म्हणजे दर दहांत जवळजवळ सात. चाकांच्या खुर्च्या, कठडे, उतरणी यांचा विचार मुख्यतः शहरांत होतो, आणि ज्यांच्यासाठीं तो व्हावयाचा ते बहुसंख्येनें खेड्यांत आहेत. यांत केवळ म्हातारपणानें गुडघे, दृष्टि व कान गेलेल्या माणसांची सारी गणती आलेली नाहीं. तरणीं मुलें पुण्या-मुंबईस गेल्यामुळें कित्येक खेड्यांत आज म्हातारींच माणसें उरलीं आहेत. तेव्हां हा थोड्या दुर्दैवी जीवांचा प्रश्न आहे अशी समजूत कोणाची असल्यास ती दुरुस्त करावी. ज्याला वार्धक्य येणार आहे, त्याचा हा प्रश्न आहे.

ग्रामसभेचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. ग्रामपंचायतीची नवी इमारत पांच पायऱ्यांवर उभी आहे. जोतें उंच ठेवण्यास कारणें असतात. पावसाचें पाणी, ओल, विंचूकाटा. आणि एक न सांगितलेलें कारण असें, कीं उंच इमारत शोभिवंत दिसते. पायऱ्यांना कठडा नाहीं. संधिवातानें पाय आखडलेली एक म्हातारी काठी टेकीत येते आणि खालच्या पायरीशीं थांबते. वरून एखादा तरुण सदस्य, मनानें भलाच, तिला म्हणतो, “आजी, तुम्ही कशाला वर येतां? पेन्शनीचं काम असंल तर सांगा, मी मांडतों.” म्हातारी म्हणते, “पेन्शनीचं न्हवं रं लेकरा. शाळंफुडच्या गटारावर झाकण न्हाई, त्येचं सांगायचं हाय. परवा पोरगं पडलं.” तोंवर आंत दुसरा विषय सुरू झालेला असतो. सभेच्या पुस्तकांत हजेरी आहे, ठराव आहेत, सह्या आहेत. गटाराचा विषय नाहीं. असा प्रसंग घडण्यास गांव दुष्ट असावें लागत नाहीं. पांच पायऱ्या पुरतात. म्हातारी आली म्हणजे ती स्वतःसाठीं कांहीं मागावयास आली, ही समजूतही त्या पायऱ्यांनींच दृढ होते, कारण वर चढून बोलतांना तिला कोणीं कधीं ऐकलेलेंच नसतें.

यावर उपाय म्हणून उतरण बांधतात, जिला आतां खेड्यांतही रॅम्प असेंच म्हणतात. तिचें गणित त्रैराशिकाइतकें सोपें आहे. एक फूट चढावयास बारा फूट लांबी. हा सर्वमान्य नियम. पायरी सहा इंचांची धरली, तर तीन पायऱ्यांचा चढ दीड फूट, म्हणून उतरण अठरा फूट हवी. पांच पायऱ्यांस अडीच फूट, म्हणून तीस फूट. जागा कमी असल्यास पंधरा-पंधरा फुटांचे दोन भाग करून मध्यें वळणावर सपाट विसावा ठेवावा. रुंदी चार फूट, दोन्ही बाजूंस कठडा, आणि कडेला चाक घसरूं नये म्हणून चार बोटें उंच कांठ. प्रत्यक्षांत काय दिसतें? जोत्याच्या बाजूला पांच-सहा फुटांत दीड फूट चढविलेली एक घसरगुंडी. तीवरून खुर्ची वर ढकलणारा माणूस दमतो, आणि एकट्यानें जाऊं पाहणारा मागच्या मागें उलथतो. पावसाळ्यांत धडधाकट माणूसही तीवर पाय ठेवीत नाहीं. मग तेथें मोटारसायकली लागतात, नाहीं तर कुंड्या ठेवतात. कांहीं शाळांत निवडणुकीच्या आदल्या दिवशीं लांकडी फळ्यांची उतरण येते व मतदान झालें कीं जाते. जणुं काय त्या शाळेंत पांगळा मुलगा पांच वर्षांतून एकदांच यावयाचा असतो. वास्तविक २००९ च्या बालशिक्षण हक्काच्या कायद्यानें शाळेच्या इमारतींत अडथळ्यावांचून जातां यावें हें बंधनकारक केलें आहे.

खेड्यांत शहरापेक्षां एक मोठी सोय आहे, तिचा मात्र कोणी लाभ घेत नाहीं. जमीन क्वचितच सपाट असते. इमारत चढाच्या कुशींत बांधली आणि तिचें एक दार वरच्या अंगास ठेवलें, तर पायरीही नको आणि उतरणही नको. रस्त्यावरून सरळ आंत. कोंकणांत तर अशीं घरें लोक आपलीं आपण बांधीत आले आहेत. सरकारी नकाशा मात्र सपाट कागदावर काढलेला असतो, आणि कंत्राटदार आधीं जमीन खणून सपाट करतो व मग त्यावर पायऱ्या बांधतो. फरशीचेंही तसेंच. जांभा, घडीव काळा दगड किंवा खरबरीत शहाबादी पायाखालीं धरून ठेवते. चकचकीत लादी पहिल्याच पावसांत माणसाला आडवें करते. तरीहि नवी इमारत म्हटली कीं लादी चकचकीत हवीच!

आंधळ्याचा गांव निराळा असतो. तो पायानें, कानानें व नाकानें ओळखावयाचा. येथें मुरूम लागला म्हणजे शाळा आली, येथें दगड टोचले म्हणजे मारुतीचें देऊळ, येथें भट्टीचा वास आला म्हणजे लोहाराचें घर. काँक्रीटच्या रस्त्यानें या सर्व खुणा एकसारख्या करून टाकल्या, आणि प्रत्येक वेळीं जुन्या रस्त्यावरच नवा थर ओतल्यामुळें कडेला अर्ध्या हाताचा खड्डा व त्यापलीकडे उघडें गटार निर्माण झालें. गटारावर झाकणें घालणें आणि रस्त्याच्या कडेनें हातभर रुंदीची खरखरीत पट्टी ठेवणें एवढें केलें तरी आंधळ्यास पुन्हा वाट सांपडते. मोठ्या शहरांतल्या स्टेशनांवर पिवळ्या फरशांवर उभ्या रेघा म्हणजे ‘चला’ आणि ठिपके म्हणजे ‘थांबा’ अशी खूण असते. खेड्यांत पिवळी फरशी नको. नदीच्या गोट्यांची एक ओळ तें काम करील. बहिऱ्याकरितां याहूनही थोडें पुरे. दवंडी काय किंवा ध्वनिक्षेपक काय, त्याला दोन्ही सारखेच. पाणी केव्हां सोडणार, सभा केव्हां भरणार, हें फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलें कीं झालें.

एस. टी. ची गाडी ही तर खेड्याची चालती-बोलती सार्वजनिक जागा. १ जून १९४८ रोजीं पुणें ते अहमदनगर ही पहिली गाडी सुटली, तेव्हांपासून बाजार, दवाखाना, कोर्ट, लग्नकार्य सर्व तिच्याच भरंवशावर. २०२२ सालीं ७५ वर्षांवरील वृद्धांस तिच्यांतून विनामूल्य प्रवास मिळूं लागला, आणि २०२३ सालीं स्त्रियांस अर्धें तिकीट झालें. सवलत चांगली आहे, तिचें कौतुकच करावें. परंतु पंचाहत्तरीच्या माणसाला ती पहिली उंच पायरी चढवीना, तर तिकीट माफ होऊन काय उपयोग? पायरी माफ झालेली नाहीं. गाडी बदलणें गांवाच्या हातीं नाहीं हें खरें. पण थांब्याशीं हातभर उंचीचा, मागून उतरता होत गेलेला एक ओटा बांधणें गांवाच्या हातीं आहे, आणि गाडी त्याला लावून उभी करा असें चालकास सांगणेंही.

संडासांविषयीं थोडेंच सांगणें पुरे, कारण विषय सर्वांस माहीत आहे आणि बोलण्यास कोणी तयार नसतो. दोन फुटांच्या दारांतून चाकांची खुर्ची जात नाहीं. दार तीन फूट हवें आणि तें बाहेर उघडणारें हवें, म्हणजे आंत कोणी पडल्यास काढतां येतें. भिंतीला धरावयास एक मजबूत नळी आणि ज्याला बसवत नाहीं त्याच्यासाठीं उंच बैठक, एवढाच खर्च. बाजाराच्या गांवीं अशी सोय नसल्यामुळें सकाळपासून पाणी न पितां बसणाऱ्या भाजीवाल्या बायका किती असतील, याची गणती कोणत्याच कचेरींत नाहीं.

कायदा काय म्हणतो तें पाहूं. अपंगांसंबंधीं पहिला स्वतंत्र कायदा १९९५ सालीं झाला. त्यांत अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ सालीं नवा कायदा झाला. त्यांत एकवीस प्रकार आहेत, आणि सर्व सार्वजनिक इमारती नियम निघाल्यापासून पांच वर्षांच्या आंत सुगम कराव्यात असें म्हटलें आहे. नियम २०१७ सालीं निघाले, मुदत २०२२ सालीं सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं नियमांत शिफारशीच्या स्वरूपाचीं तत्त्वें असून भागणार नाहीं, बंधनकारक मानदंड ठरविले पाहिजेत. मधल्या काळांत सरकारी कागदांतून अपंग हा शब्द जाऊन दिव्यांग हा शब्द आला. शब्द सभ्य आहे. पण ज्याला कचेरीच्या दाराशीं रांगत जावें लागतें, त्याला आपलें अंग दिव्य आहे असें वाटण्यास कारण कमी. जातिवाचक वस्त्यांचीं नांवें बदलण्याचा निर्णयही महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं घेतला. तोही योग्यच. मात्र नव्या नांवाच्या वस्तीकडे जाणारा रस्ता जर जुन्याच ओढ्यांतून जात असेल, तर पावसाळ्यांत नांवाचा उपयोग होत नाहीं.

येथेंच त्या दोन पायऱ्या पुन्हा एकत्र येतात. गांवांत नवी इमारत कोठें बांधावी हा प्रश्न तिच्या उतरणीइतकाच महत्त्वाचा आहे. प्रत्येक वस्तीला आपापलें समाजमंदिर मिळालें, म्हणून न्याय झाला असें समजतात. परंतु एका आळीचें सभागृह दुसऱ्या आळीचा माणूस वापरीत नाहीं, आणि सर्वांचें म्हणून जें असतें तें मूळ गांवठाणांत, देवळाला लागून. दलित वस्तींतील पांगळ्या माणसास तेथवर येण्यास दोन अडथळे ओलांडावे लागतात, आणि त्याच्या आईला तीन. वाचनालय, दवाखान्याची खोली, रेशनचें दुकान, अंगणवाडी यांपैकीं दोन तरी इमारती अशा जागीं असाव्यात, कीं गांवठाणाच्या लोकांनाही वस्तीकडे चालत जावें लागेल. कांहीं लोकांस ही सूचना खोडसाळ वाटेल. तशी ती थोडीशी आहेही. पण रहदारी दोन्ही दिशांनीं सुरू झाल्याशिवाय रस्ता नीट होत नाहीं, हा अनुभव आहे.

पैशाची अडचण पुढें करण्यांत येते. महाराष्ट्रांत ग्रामपंचायतीनें आपल्या स्वतःच्या उत्पन्नांतील पांच टक्के रक्कम दिव्यांगांसाठीं खर्च करावी असा नियम आहे. लहान गांवचें उत्पन्नच तुटपुंजें, म्हणून ती रक्कम किरकोळ भरते, आणि बहुधा वर्षअखेर घाईनें वांटली जाते. तेवढ्यांत कठडा बसतो, दार रुंद होतें, गटारावर झाकण पडतें. आणि नवी इमारत असेल तर वेगळा पैसाच फारसा लागत नाहीं. जोत्याची उंची व दाराची जागा नकाशांतच नीट योजली कीं तेंच सिमेंट, तीच वाळू व तोच गवंडी. महाग पडतें तें मागाहून फोडणें.

पण नकाशा पास होण्यापूर्वीं एक काम गांवानें करावें. पावसाळ्यांतील एखाद्या दिवशीं, कारण उन्हाळ्यांत सर्वच वाटा चांगल्या दिसतात, गांवांतील एक आंधळा, एक काठी टेकणारी म्हातारी, एक तीनचाकी सायकलवाला आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई, असे चौघे सर्वांत लांबच्या वस्तीपासून निघून पाणवठा, शाळा, रेशनचें दुकान, एस. टी. चा थांबा असें करीत ग्रामपंचायतीपर्यंत जावेत. बरोबर सरपंचानें आणि ग्रामसेवकानें टेप व वही घेऊन चालावें. हात द्यावयाचा नाहीं, फक्त लिहावयाचें. जेथें जेथें त्यांपैकीं कोणी थांबेल, तेथें तेथें जागेचें नांव, पायरीची उंची आणि थांबण्याचें कारण टिपून ठेवावें. ती वही पुढच्या ग्रामसभेंत, मग ती १५ ऑगस्टची असो वा २ ऑक्टोबरची, पहिल्या पानापासून मोठ्यानें वाचावी. आणि कचेरीची उतरण होईपर्यंत ती सभा कचेरींत न भरवितां शाळेच्या पटांगणांत, जमिनीवर, सतरंज्या अंथरून भरवावी. ज्यांना खालीं बसवत नाहीं त्यांच्यासाठीं वर्गांतलीं चार बांकें अगोदरच बाहेर काढून ठेवावींत.